सुटलेल्या ड्रोनचा माग

चार पंख्यांचे छंदाचे ड्रोन हवेत एका जागी निश्चल तरंगताना दिसते, पण ती निश्चलता पाहणाऱ्याच्या डोळ्यापुरती असते. आत बसवलेला छोटा संगणक, ज्याला उड्डाण-नियंत्रक म्हणतात, आपण कुठे आहोत, कोणीकडे तोंड करून आहोत आणि किती कललो आहोत याचा अंदाज सेकंदाला शेकडो वेळा बांधत असतो, तो अंदाज आणि चालकाची इच्छा यांतील तफावत मोजत असतो आणि ती भरून काढण्यासाठी चारही मोटारींचा वेग कमीजास्त करत असतो. विमानाच्या बांधणीतच जे थोडेफार स्थैर्य असते, ते या यंत्रात नाही. त्याचे सगळे स्थैर्य हिशेबाचे आहे. त्यामुळे हिशेबाला पुरवलेली माहिती चुकली तरी यंत्र थांबत नाही, चुकीच्या माहितीवर तितक्याच तत्परतेने काम करत राहते. चालकाने न सांगता, किंवा तो उलट सांगत असताना, ड्रोन दूर निघून जाते, या घटनेला छंदप्रेमींच्या जगात ‘फ्लायअवे’ म्हणतात. तिच्या अनेक उदाहरणांच्या मुळाशी यंत्राचा बिघाड नसून यंत्राचा गैरसमज असतो.

हा शब्द सर्वतोमुखी होण्याला एक विशिष्ट काळ आहे. शेन्झेन येथील डीजेआय कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये ‘फँटम’ हे ड्रोन बाजारात आणले आणि तोपर्यंत सुटे भाग जोडून, पडून-धडपडून उडवायला शिकणाऱ्यांपुरता असलेला हा छंद खोक्यातून काढून लगेच उडवणाऱ्यांच्या हाती आला. जुन्या पिढीच्या हौशी माणसाने निदान प्रत्येक तार स्वतः जोडलेली असे. नव्या ग्राहकाला आतमध्ये होकायंत्र आहे हेदेखील ठाऊक नसे. ड्रोन सुटण्याच्या तक्रारींना याच सुमारास जोर चढला आणि त्यांतील एक घटना तर थेट अमेरिकेच्या अध्यक्षांच्या अंगणात जाऊन पोचली. २६ जानेवारी २०१५ च्या पहाटे वॉशिंग्टन येथील व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर एक फँटम येऊन आदळले. ते उडवणारा मनुष्य एका सरकारी भू-माहिती संस्थेचा कर्मचारी होता, त्या वेळी कामावर नव्हता, आणि ड्रोन आपल्या ताब्यातून गेल्याचे त्याने स्वतःच पुढे येऊन सांगितले. असे सांगणे सोपे असते आणि सिद्ध करणे अवघड. परंतु त्या यंत्राची न्यायवैद्यक पद्धतीने तपासणी झाली, कोसळतेवेळी ते चालकाच्या नियंत्रणाखाली नव्हते असा निष्कर्ष निघाला आणि सरकारी वकिलांनी फौजदारी खटला भरला नाही.

या प्रकरणातून तपासाचा खरा प्रश्न स्पष्ट होतो. ड्रोनने आज्ञा का मोडली, असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण आज्ञा मोडण्याची क्षमता त्याच्यात नसते. ते त्या क्षणी कोणाची तरी आज्ञा पाळतच असते: चालकाची, वाऱ्याने सरकलेली जागा पुन्हा गाठण्याच्या आपल्या अंगभूत नियमाची, किंवा सिग्नल तुटल्यावर घरी परतण्याच्या आधीच दिलेल्या सूचनेची. म्हणून विचारायचे ते असे, की ड्रोनला त्या वेळी काय ‘वाटत’ होते आणि त्याचा समज वस्तुस्थितीपासून नेमका कोणत्या सेकंदाला फुटला.

हा समज घडवणारे संवेदक मोजकेच असतात. कोनीय गती मोजणारा जायरोस्कोप आणि त्वरण मोजणारा ॲक्सिलरोमीटर हे दोन झुकाव सांगतात. वायुदाबमापक उंची सांगतो. जीपीएस जागा आणि वेग सांगतो. आणि मॅग्नेटोमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, नाक कोणत्या दिशेला आहे ते सांगते. यांपैकी प्रत्येकाचा स्वभावदोष वेगळा आहे. जायरोस्कोप क्षणाक्षणाचा बदल अचूक टिपतो, पण त्याची बारीक चूक साचत जाते. होकायंत्र दीर्घ काळात भरवशाचे असते, पण क्षणिक गोंधळाला बळी पडते. जीपीएस काही मीटरांच्या अनिश्चिततेसह बोलते. या परस्परविरोधी साक्षींतून एक विश्वसनीय अंदाज काढण्याचे गणित रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडले. ‘कालमान फिल्टर’ या नावाने ते ओळखले जाते आणि त्याची विस्तारित रूपे आज अनेक ड्रोनमध्ये चालतात. प्रत्येक साक्षीदाराला त्याच्या विश्वासार्हतेनुसार वजन द्यायचे, आणि कोणी फारच विसंगत बोलू लागला तर त्याचे म्हणणे बाजूला ठेवायचे, असे त्याचे साधे सूत्र सांगता येईल. अडचण अशी, की कधी कधी बाजूला ठेवला जातो तो खरे बोलणारा असतो.

सर्वांत विस्ताराने पाहावी अशी साक्ष होकायंत्राची. ड्रोन वाऱ्याने एक मीटर पूर्वेला सरकले आहे असे जीपीएसने कळवले, की नियंत्रक ते पश्चिमेला आणायचे ठरवतो. परंतु मोटारींना पूर्व-पश्चिम कळत नाही, त्यांना फक्त पुढे-मागे आणि डावे-उजवे कळते. पश्चिम म्हणजे आपली डावी बाजू की उजवी, हे नाकाच्या दिशेवर अवलंबून आहे. नाक प्रत्यक्षात दक्षिणेला असताना नियंत्रकाचा समज ते उत्तरेला असल्याचा असेल, तर पश्चिमेला जाण्यासाठी तो डावीकडे कलेल आणि दक्षिणाभिमुख यंत्राची डावी बाजू पूर्व असल्यामुळे ड्रोन आणखी पूर्वेला सरकेल. आता चूक एक मीटरची राहिलेली नाही, दोनाची झाली आहे. म्हणून नियंत्रक अधिक जोराने कलतो, चूक चार मीटरांची होते, आणि काही सेकंदांत ड्रोन पूर्ण वेगाने पूर्वेला धावत सुटते. आपण जागेवर परत येण्याचा शर्थीचा प्रयत्न करत आहोत असेच शेवटपर्यंत त्याच्या हिशेबात असते. एसटीत डुलकी लागून जाग आलेल्या प्रवाशाला गाडी उलट दिशेला चालल्याचा भास व्हावा आणि त्याने त्या भासाच्या आधारे गाडी वळवायला लावावी, तसा हा प्रकार आहे.

दिशेतील चूक नेहमी एवढी मोठी नसते. ती दहा-पंधरा अंशांची असेल तर दुरुस्ती किंचित वाकड्या वाटेने होते आणि चालकाच्या लक्षातही येत नाही. ती वाढत गेली की ड्रोन एका जागी उभे राहण्याऐवजी तिच्याभोवती गोल फिरू लागते. सुरुवातीला वर्तुळ लहान असते आणि मग ते रुंदावत जाते. शौचकूपातील पाण्याच्या भोवऱ्यावरून छंदप्रेमींनी त्याला ‘टॉयलेट बोल’ असे नाव दिले आहे. कागदावरचे गणित असे सांगते, की चूक ९० अंशांहून अधिक झाली की प्रत्येक दुरुस्ती अंतर वाढवणारीच ठरते. प्रत्यक्षात मोटारींना प्रतिसाद द्यायला आणि जीपीएसला वेग कळवायला थोडा वेळ लागत असल्याने स्थैर्य त्याच्या बरेच आधी ढळते. वर्तुळात फिरणारे ड्रोन हे म्हणूनच तपासकाच्या दृष्टीने फार बोलके लक्षण आहे.

होकायंत्र एवढे चुकते कशाने? पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मुळात दुबळे आहे; भूपृष्ठावर ते साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते आणि मुंबईच्या परिसरात ४३ च्या आसपास भरते. याच्या तुलनेत ड्रोनच्या पोटातील तारा पाहाव्यात. एका सरळ तारेतून २० अँपिअर प्रवाह जात असेल तर तिच्यापासून पाच सेंटिमीटरवर सुमारे ८० मायक्रोटेस्लाचे क्षेत्र निर्माण होते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ दुप्पट. बॅटरीकडे जाणारी आणि तिच्याकडून येणारी तार एकमेकींना पीळ देऊन बसवल्या तर त्यांची क्षेत्रे बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात; घाईने जोडलेल्या घरगुती ड्रोनमध्ये त्या दोन दिशांना गेलेल्या असतात. होकायंत्र आणि जीपीएस एका छोट्या दांडीवर उंच बसवण्याची पद्धत यामुळेच पडली. या दोषाचा एक विशेष घातक पैलू असा, की प्रवाह मोटारींच्या जोराबरोबर बदलतो. जमिनीवर तपासताना दिशा अगदी बरोबर दिसते आणि ड्रोन हातातून चालले असे पाहून घाबरलेल्या चालकाने थ्रॉटल, म्हणजे उचल वाढवणारी कांडी, पुढे रेटली, की प्रवाह वाढून दिशेची चूक नेमकी त्याच क्षणी वाढते.

दुसरा शत्रू पायाखाली असतो. शहरात ड्रोन उडवायला मोकळी जागा म्हणजे इमारतीची गच्ची, आणि गच्ची म्हणजे पोलादी सळ्यांचे जाळे अंगात असलेला स्लॅब. त्यावर ठेवलेल्या ड्रोनच्या होकायंत्रापासून सळ्या काही सेंटिमीटरांवरच असतात. समजा, त्यामुळे दिशा ४० अंशांनी चुकली आणि ड्रोन चालू करताना नियंत्रकाने तीच प्रारंभीची दिशा म्हणून स्वीकारली. ड्रोन दोन-तीन मीटर वर गेले की सळ्यांचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो आणि होकायंत्र खरे बोलू लागते, पण जायरोस्कोप ठामपणे सांगतो की आपण वळलेलोच नाही. दोन साक्षीदार ४० अंशांनी भांडत आहेत आणि ज्याने आता खरे सांगायला सुरुवात केली आहे तोच संशयित ठरण्याची शक्यता अधिक. काही नियंत्रक होकायंत्राला नाकारून जुन्या चुकीच्या दिशेवर उडत राहतात, काही सावकाश त्याच्याकडे झुकतात, तर काही दोघांनाही बाद करून जीपीएसची मदत सोडून देतात आणि केवळ समतल राहण्याच्या स्थितीत जातात. या शेवटच्या स्थितीत, जिला ‘ॲटिट्यूड मोड’ म्हणतात, ड्रोन उंची राखते पण जागा राखत नाही, म्हणजे वारा नेईल तिकडे जाते. वर उडताना सर्व काही ठीक होते आणि मग अचानक ते पळाले, असे जे वर्णन वारंवार ऐकू येते, त्याचा उगम अनेकदा उड्डाणापूर्वीच्या या अर्ध्या मिनिटात सापडतो.

प्रत्येक उड्डाणाआधी होकायंत्राचे कॅलिब्रेशन करावे, हा नवशिक्यांना हमखास दिला जाणारा सल्ला या पार्श्वभूमीवर तपासून घेण्यासारखा आहे. कॅलिब्रेशन म्हणजे ड्रोन सर्व बाजूंनी फिरवून त्याच्या स्वतःच्या लोखंडी भागांचा कायमचा परिणाम मोजणे आणि तो पुढील प्रत्येक मोजणीतून वजा करण्यासाठी साठवून ठेवणे. हे काम गच्चीवर किंवा मोटारीच्या टपाजवळ केले तर सळ्यांचा आणि टपाचा परिणामही ड्रोनचाच मानून साठवला जातो आणि मोकळ्या मैदानात गेल्यावर, जिथे वजा करण्यासारखे काही नाही तिथेही, तो वजा होत राहतो. चुकीच्या जागी श्रद्धेने केलेले कॅलिब्रेशन न केल्यापेक्षा वाईट.

चुंबकीय मोजणीला शहर मानवत नाही हे मुंबईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अनुभवले आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवरच्या ट्रामचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा रुळांतून व जमिनीतून परतणारे प्रवाह या नोंदी निरुपयोगी करतील हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय मोजणी खाडीपलीकडे अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींमध्ये हलवण्यात आली आणि १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी घेऊन जुन्या-नव्या मालिकांची सांधेजोड करण्यात आली. अलिबागचे काम आजही सुरू आहे.

याच कुलाब्याची एक नोंद ड्रोनवाल्यांच्या एका लाडक्या समजुतीचा निकाल लावते. ड्रोन सुटले की सौर वादळाला दोष देण्याची प्रथा आहे आणि त्यासाठी भूचुंबकीय खळबळ दाखवणारा ‘केपी निर्देशांक’ पाहून उडवणारे लोकही आहेत. सप्टेंबर १८५९ मध्ये, आजवर मोजल्या गेलेल्यांपैकी सर्वांत तीव्र मानल्या जाणाऱ्या वादळात, कुलाब्याच्या उपकरणांनी क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण टिपली. तो घटक तिथे सदतीस-अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या घरात आहे, म्हणजे घसरण चार-साडेचार टक्क्यांची. शिवाय ती मुख्यतः उत्तर-दक्षिण रेषेतच झाल्याने सुईची दिशा तिच्यामुळे फारशी ढळण्याचे कारण नाही. आपल्या अक्षांशावर गच्चीतील सळई जे करते ते अशा वादळालाही जमत नाही. सूर्याला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही, पण त्याचा आरोप जीपीएसच्या कलमाखाली दाखल करावा लागेल.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की साधा अडथळाही त्याला पुरतो. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, आयनांबरातून येताना हा संदेश रेंगाळतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना या थराची घनता विशेष वाढते आणि असा एक दाट पट्टा मध्य भारतावरून जातो. सौरचक्राच्या ऐन भराच्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्यास्तानंतर संदेशाची तीव्रता झपाट्याने चढउतार करू लागते. उंच इमारतींमध्ये वेगळीच अडचण येते, ती म्हणजे भिंतीवर आपटून आलेला संदेश लांबचा रस्ता घेतो आणि त्यामुळे जागा चुकते. हेतुपुरस्सर केलेला अडथळाही अनोळखी नाही. हाँगकाँगमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये एका महोत्सवातील ड्रोनच्या खेळात ४६ ड्रोन बंदराच्या पाण्यात पडले आणि जीपीएस संदेश दडपला गेल्याचे आयोजकांनी सांगितले.

तरीही जीपीएसमुळे होणाऱ्या हौशी अपघातांत संदेश चुकण्यापेक्षा चालकाने त्याची वाट न पाहणे अधिक आढळते. पुरेसे उपग्रह सापडल्यावर ड्रोन आपली जागा ‘होम पॉइंट’ म्हणून नोंदवते आणि रिमोटशी संपर्क तुटला, की ठरलेली उंची गाठून त्या बिंदूकडे परत निघते. उतावीळपणे आधीच उडवलेल्या ड्रोनचा होम पॉइंट हवेत, भलत्याच ठिकाणी नोंदला जातो. मालवण किंवा तारकर्लीच्या समुद्रात होडीवरून उडवलेल्या ड्रोनचा तो बरोबर नोंदला जातो, पण होडी पुढे निघून जाते आणि ड्रोन इमानाने लाटांवर उतरायला परतते. पाण्यावर आणखी एक फसवणूक असते, ती पोटाखालच्या कॅमेऱ्याची: जमिनीवरील खुणा पाहून जागा राखणारा हा कॅमेरा सरकत्या लाटांनाच जमीन समजू शकतो. परतीची उंची ३० मीटर ठेवून समोर १०० मीटरचा कडा असल्यास काय होईल हे सांगायला नकोच. यांतील कोणत्याही प्रसंगात यंत्राने काहीही चुकीचे केलेले नसते; परंतु संपर्क तुटल्याचे लक्षात न आलेल्या चालकाला मात्र ते आपणहून उंच चढून निघून जाताना दिसते.

संपर्क तुटण्याची कारणे साधी आहेत. बहुतेक रिमोट २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर चालतात, घराघरांतील वायफायही तिथेच नांदते, आणि या लहरी झाड, भिंत किंवा चालकाचे स्वतःचे शरीर यांच्यापुढे नमते घेतात. घरी जोडलेल्या ड्रोनमध्ये याहून गंभीर धोका संदेशग्राहकाच्या एका सेटिंगमध्ये लपलेला असतो: सिग्नल गेल्यास शेवटची आज्ञा धरून ठेवावी, अशी ती सोय आहे. कांडी पुढे ढकललेली असताना सिग्नल गेला तर अशा ग्राहकाकडून नियंत्रकाला ‘पुढे, पुढे’ हेच ऐकू येत राहते आणि संपर्क तुटल्याचे त्याला कळतच नाही. पंखे काढून ठेवून रिमोट बंद करावा आणि नियंत्रक कोणत्या स्थितीत जातो ते पाहावे, एवढी तपासणी पुरते. आणीबाणीच्या यंत्रणांवर किती विसंबावे याचे एक मोठे उदाहरण छंदाच्या बाहेरचे आहे. इंग्लंडमधील गुडवूड येथे ४ जुलै २०१९ रोजी प्रात्यक्षिक देणारे ९५ किलोचे ‘एअरस्पीडर’ हे चालकविरहित यान ताब्यातून गेले, ते तात्काळ बंद करण्यासाठी ठेवलेले बटण दाबूनही काही झाले नाही, यान सुमारे ८००० फुटांपर्यंत चढून गॅटविक विमानतळाच्या हवाई क्षेत्रात शिरले आणि बॅटरी संपल्यावर वस्तीच्या घरांपासून साधारण ४० मीटरवर शेतात कोसळले.

वारा हे कारण ऐकायला इतके सामान्य वाटते, की चालक ते मान्य करायला तयार नसतात, आणि नोंदी तपासल्या तर तेच पुन्हा पुन्हा समोर येते. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने उडू शकणारे ड्रोन सेकंदाला ६ मीटरच्या वाऱ्याबरोबर निघाले तर जमिनीच्या हिशेबात १६ मीटरने पुढे जाते. परतताना मात्र त्याच्या वाट्याला ४ मीटरच उरतात. चार मिनिटे गेलेल्या ड्रोनला परत यायला १६ मिनिटे लागतात आणि तेवढी बॅटरी क्वचितच शिल्लक असते. वाऱ्याचा वेग १० मीटरवर गेला, तर पूर्ण जोर लावलेले ड्रोन जमिनीच्या दृष्टीने जागच्या जागी राहते आणि ११ वर ते मागे मागे जाऊ लागते. जमिनीवर झुळूक असताना शंभर मीटरवर असा वारा असणे मुळीच विरळा नाही. मेलबर्नमध्ये जुलै २०२३ मधील एका ड्रोन-खेळात ५०० पैकी ४२७ ड्रोन गमावले गेले, त्यामागेही वाऱ्याने ओलांडलेली मर्यादाच होती. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तर वारा आडवा राहत नाही. पावसाळ्यात नाणेघाटात धबधबा उलटा उडवणारा वाऱ्याचा झोत कड्यापुढे गेलेल्या ड्रोनलाही तसाच वर फेकतो, आणि सेकंदाला तीन मीटरने उतरू शकणारे यंत्र पाच मीटरने चढणाऱ्या हवेत ‘खाली’ची आज्ञा पाळत असतानाही वर जात राहते.

आपोआप वर चढणाऱ्या ड्रोनचे दुसरे कारण मात्र पूर्णतः अंतर्गत आहे. वाकलेला पंखा किंवा सैल पडलेला आस यांची थरथर ॲक्सिलरोमीटरच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेली, की त्याची सरासरी खोटी येऊ लागते, आपण खाली पडत आहोत असा नियंत्रकाचा ग्रह होतो आणि तो मोटारींना पूर्ण जोर देतो.

उरतो तो माणूस. पाव मीटर रुंदीचे ड्रोन ३०० मीटर अंतरावर डोळ्याशी जेमतेम तीन कलांचा, म्हणजे अंशाच्या विसाव्या भागाचा कोन करते, आणि निरोगी डोळ्याला सुमारे एका कलेइतकाच तपशील वेगळा करता येतो. त्यामुळे तिथे एक ठिपका आहे एवढे कळते, त्याचे नाक कोणीकडे आहे ते कळत नाही. नाक चालकाकडे वळलेले असेल तर डावे-उजवे उलटे होते, कांडी पुढे ढकलल्यावर ड्रोन जवळ येते आणि मागे ओढल्यावर दूर जाते. घाईत ‘मागे ये’ म्हणून कांडी ओढून धरणारा चालक त्याला स्वतःच दूर धाडत असतो, आणि नंतर यंत्रच ऐकत नव्हते अशी त्याची प्रामाणिक साक्ष असते.

म्हणूनच साक्षीपेक्षा नोंद महत्त्वाची. ड्रोन आपली मोजमापे साठवत असते आणि व्यापारी ड्रोनच्या बाबतीत त्यांतील बरीचशी माहिती चालकाच्या फोनवरही उतरत असल्याने यंत्र हरवले तरी ती उरते. आरंभ कांड्यांपासून करावा: चालकाने काय मागितले आणि ड्रोन त्याप्रमाणे कलले का? कलले असेल तर मोटारी, पंखे आणि रेडिओ एका फटक्यात निर्दोष ठरतात आणि संशय दिशेवर व वाऱ्यावर येतो. या दोघांना वेगळे करण्याची युक्ती मोठी देखणी आहे. केवळ ‘पुढे’ अशी आज्ञा असताना ड्रोन प्रत्यक्षात कोणत्या दिशेला सरकले हे जीपीएसच्या मागावरून काढावे आणि नोंदीतील नाकाच्या दिशेशी ताडून पाहावे. नाक वेगवेगळ्या दिशांना असतानाही माग प्रत्येक वेळी नाकाच्या उजवीकडे तेवढ्याच अंशांनी ढळत असेल तर चूक होकायंत्राची. नाक कुठेही असो, ढळणे नेहमी एकाच भौगोलिक दिशेला, समजा ईशान्येला, होत असेल तर तो वारा. जागेवर उभे राहण्यासाठी ड्रोनला सतत नैर्ऋत्येला कलावे लागत होते असेही त्याच नोंदीत दिसले, की वाऱ्यावरचा आरोप पक्का होतो. होकायंत्र दोषी ठरल्यास त्याची दिशा आणि जायरोस्कोपच्या वळणांची बेरीज शेजारी शेजारी आखून ती कुठे फुटली ते पाहावे: जमिनीपासून पहिल्या तीन मीटरांत फुटली असेल तर उड्डाणाची जागा, प्रवाहाच्या चढउताराबरोबर फुटत-जुळत असेल तर तारांची मांडणी.

भारतात या तपासाला कायद्याचीही एक चौकट आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत ‘डिजिटल स्काय’ या मंचावरून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला द्यावी लागते. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने अनेक विद्यार्थी आणि हौशी मंडळी सुटे भाग आणून, ‘आर्डूपायलट’सारखी खुली, कोणालाही वाचता-बदलता येणारी नियंत्रण-प्रणाली वापरून ड्रोन जोडतात. नोंदी वाचण्याची कला त्यांच्याकडे आपसूक येते आणि व्यापारी ड्रोनच्या ग्राहकाला जे गूढ वाटते ते त्यांना आलेखावर दिसते.

याच प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत होकायंत्रावरील भिस्त कमी करणारा एक उपाय आला आहे. ड्रोन कोणत्या बाजूला कलले आणि त्यामुळे जीपीएसच्या हिशेबात कोणत्या दिशेला वेग घेतला, या दोहोंच्या तुलनेतून नाकाची दिशा स्वतंत्रपणे काढली जाते, आणि ती होकायंत्राशी जुळेनाशी झाली तर ड्रोन भरकटण्यापूर्वीच दिशा दुरुस्त केली जाते. त्यासाठी ड्रोनला आधी थोडे तरी सरकावे लागते, कारण जागेवर उभ्या यंत्राच्या वेगातून दिशा निघू शकत नाही. दोन जीपीएस अँटेना ठरावीक अंतरावर बसवून त्यांच्यातील रेषेची दिशा मोजली तर उभ्या ड्रोनलाही नाक कळते, पण या व्यवस्थेला दोन अँटेनांमध्ये पुरेसे अंतर आणि वाढीव वजन लागते. शहरातल्या गच्च्यांवरून प्रामुख्याने उडतात ती २५० ग्रॅमपर्यंतची, नियमांच्या भाषेत ‘नॅनो’ गटातली ड्रोन. त्यांच्यावर एवढी जागाच नसल्याने तिथे होकायंत्राचे काम होकायंत्रालाच करावे लागते.